कायमचे काम, हंगामी माणूस
(हिंगोली जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर सोयाबीनचा भाव आहे, हळदीचा आहे, विजेचा आहे. त्यात वनखात्याच्या मजुरांचा विषय कशाला घुसडला, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. राज्यात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. ताडोबा, गुगामल, नवेगाव, पेंच, बोरिवलीचे संजय गांधी उद्यान आणि चांदोली. यातले एकही मराठवाड्यात नाही. मग हिंगोलीच्या शेतकऱ्याला जंगलातल्या मजुराशी काय देणेघेणे?

देणेघेणे आहे, आणि ते आपल्या दोघांच्याही खिशाशी आहे. कारण जंगलातला हंगामी मजूर हा कोणी वेगळ्या मुलखातून आलेला माणूस नाही. ज्याची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन पोटाला पुरत नाही तो उसाच्या फडावर जातो, पुण्याला जातो, नाही तर जंगल जवळ असले तर वनखात्याच्या रोजंदारीवर जातो. तो आपलाच भाऊबंद आहे. आणि त्याला काढून सरकार जे पैसे वाचवते, त्याची भरपाई आपण आपल्या शेतातून करतो. आज हा हिशेब मांडायचा आहे.

वाघ आला तेव्हा

२०१९ साल आठवा. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन जून महिन्यात निघाला. आदिलाबाद, नांदेड करत पैनगंगेच्या काठाने, इसापूरच्या बाजूने तो आपल्या हिंगोली जिल्ह्यातून पुढे गेला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. देशभर कौतुक झाले. कौतुक करण्यासारखेच होते. तुरीतून, कपाशीतून, नाल्याच्या काठाने एवढा मोठा जनावर गेला आणि एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची गाठ जवळजवळ पडलीच नाही. झुडपात विसावलेल्या वाघाजवळ माणसे गेली तेव्हा जखम झाली, तेवढीच.

वाघ कोठे आहे ते पट्ट्यामुळे दूर कचेरीत बसून कळत होते. पण गावात जाऊन 'रात्री पाणी द्यायला जाऊ नका', 'गर्दी करू नका' असे सांगायला उपग्रह येत नाही, माणूस यावा लागतो. तो माणूस म्हणजे नियतक्षेत्राचा वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचा मजूर. हातात काठी, पायात चप्पल. वाघाचे वर्णन छापून आले. त्या माणसाला महिन्याकाठी काय मिळते, पुढच्या महिन्यात काम आहे की नाही, हे कोणी विचारले नाही.

हंगामी कोण?

जंगलातल्या कामाचे वर्ष कसे असते ते पाहा. थंडीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठराविक रुंदीचा पट्टा साफ करून जाळून टाकायचा, की वणवा त्याच्या पुढे जाऊ नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्यात दिवसरात्र पहारा, धूर दिसला की पळायचे आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची. त्याच उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, रोपांसाठी खड्डे खोदायचे. पावसाळा लागला की लागवड, मग निंदणी, मग रोपवाटिका. आणि बारा महिने गस्त.

आता बेरीज करा. वणव्याचाच हंगाम चार महिन्यांचा. जाळरेषांचे दोन-अडीच महिने धरा, लागवड आणि निंदणीचे तीन-चार महिने धरा. वर्ष भरले. काम बारमाही आहे. हंगामी आहे तो फक्त माणूस. पहाऱ्याचे पैसे एका लेखाशीर्षाखाली, खड्ड्यांचे दुसऱ्या, रोपवाटिकेचे तिसऱ्या. एका मस्टरवरचे नाव दुसऱ्या मस्टरवर जात नाही. काम संपत नाही, पण मजुराचे दिवस मात्र भरत नाहीत.

हे दिवस का भरायला हवेत? कारण सारा खेळ २४० दिवसांचा आहे. पुण्यातल्या वनखात्याच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की वर्षानुवर्षे माणसाला रोजंदारीवर ठेवायचे आणि कायमपणाचे लाभ नाकारायचे, ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे. दुसऱ्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९९६ ला, शासनाने निर्णय काढून वर्षाला २४० दिवस याप्रमाणे पाच वर्षे भरलेल्या ८,०३८ मजुरांना कायम केले. नंतर थेट १६ ऑक्टोबर २०१२ चा निर्णय, त्यात ६,५४६. दोन निर्णयांच्या मध्ये सोळा वर्षे गेली. पंचविशीत कामाला लागलेला माणूस चाळिशी ओलांडून गेला.

मध्यंतरी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात निकाल दिला की नियमित भरतीशिवाय लागलेल्या माणसाला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मागच्या दाराने भरती होऊ नये हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण सरकारी कचेऱ्यांनी त्यातून सोयीचा धडा घेतला. पुढचे दार उघडायचे नाही, मागच्या दाराने काम करून घ्यायचे आणि माणूस हक्क मागायला लागला की निकाल दाखवायचा.

काटकसर कोठून सुरू होते?

सरकारकडे पैसे नाहीत, असे सांगितले जाते. आम्ही सरकारी खर्चाचे भाट नाही. नोकरशाहीचा भार शेतकऱ्याच्याच पाठीवर असतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. तेव्हा काटकसर जरूर करा. आमचा सवाल एवढाच की ती नेहमी तळातूनच का सुरू होते? नियतक्षेत्रातली वनरक्षकाची जागा रिकामी राहिली की शेजारच्यावर अतिरिक्त कार्यभार टाकून भागते. मजुराचे दिवस कापायला तर कसला आदेशही लागत नाही, उद्यापासून येऊ नको म्हटले की झाले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेसारख्या धनवान देशात फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने खर्चकपातीच्या नावाखाली राष्ट्रीय उद्यानांच्या सेवेतले सुमारे एक हजार नवे कर्मचारी एका फटक्यात काढले. उन्हाळ्याच्या हंगामी कामासाठी दिलेली नेमणूकपत्रेही परत घेतली. बोंब झाली, तेव्हा हंगामी माणसे पुन्हा घेण्याची परवानगी आली. तिथेही कुऱ्हाड पडली ती दार उघडणाऱ्यावर, वाट साफ करणाऱ्यावर.

आणि पैसे खरेच नाहीत का? धरणे, खाणी, रस्ते यांसाठी जंगल तोडले की त्याची भरपाई म्हणून पैसे भरून घेतले जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतून राज्यांना ४७ हजार कोटींवर रक्कम दिली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३,८०० कोटींच्या पुढे होता. पण नियम असा की यातून नियमित कर्मचाऱ्याचा पगार देता येत नाही. म्हणजे झाड लावायला पैसे आहेत, झाड राखणाऱ्याची जागा भरायला नाहीत.

त्याचे फळ काय ते २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पाहिले. २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी झाडे लावण्याची उद्दिष्टे जाहीर झाली. पहिल्या दिवशी मंडप, फोटो, भाषण. शेतकऱ्याला कोणी सांगायला नको की रोप लावणे हा एका सकाळचा धंदा आहे, जगवणे हा तीन वर्षांचा. त्या तीन वर्षांच्या मजुरीचे काय, हा प्रश्न मंडपात विचारायचा नसतो.

किंमत कोण मोजतो?

पहिली किंमत तो मजूर मोजतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्या गणनेसाठी पायी खुणा शोधत असलेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने झडप घातली आणि ती मेली. तिच्याबरोबर वनमजूर होते. ज्या वाटेवर वनरक्षक चालतो त्याच वाटेवर मजूर चालतो. धोका दोघांना सारखा, भरवसा मात्र एकालाच.

दुसरी किंमत गेटवरचा वाटाड्या आणि जिप्सीचा चालक मोजतो. त्यांना पगार नाही, फेरीमागे पैसे. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, तेव्हा मिळकतही आटते. २०२० मध्ये मार्चपासून महामारीने दारे बंद झाली तेव्हा हे लोक उघड्यावर पडले. पर्यटन वाढले की गाव सुधारते म्हणतात. सुधारते, पण पाऊस पाहूनच, आपल्या शेतीसारखे.

तिसरी किंमत आपण मोजतो, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. रोही आणि रानडुकरांनी रात्रीत सोयाबीन लोळवले, हळद उकरली, तर तीन दिवसांत कळवायचे. वनखात्याच्या माणसाशिवाय पंचनामा होत नाही. तो दोन-दोन नियतक्षेत्रे सांभाळत असेल तर येणार कधी? तोवर पाऊस पडतो, खुणा पुसतात, अर्ज पडून राहतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शेतकऱ्याचे हात बांधले. पीक खाणाऱ्या जनावरावर बंदूक उचलायची तर परवानगी वनाधिकाऱ्याचीच. आम्ही म्हणतो, ठीक आहे. जनावर सरकारचे म्हणता, तर त्याचा राखणदारही सरकारने ठेवला पाहिजे. गुरे आपली, गुराखी नको आणि नुकसान शेजाऱ्याचे, असा व्यवहार गावात कोणी चालू देत नाही.

आम्ही काय मागतो?

नोकऱ्यांची खैरात मागत नाही. कंत्राटदाराच्या हाती हे काम सोपवणे हा तर उपाय नव्हेच. फडावरचा मुकादम आपण ओळखतो, जंगलात दुसरा मुकादम नको. २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि तरुणांच्या रोषामुळे त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी २,१३८ वनरक्षकांची जाहिरात निघाली. म्हणजे रेटा लावला की दार हलते.

या मेळाव्यासमोर आम्ही पाच गोष्टी ठेवतो. एक, वनखात्यातली भरती नियतक्षेत्रातून सुरू करावी, कचेरीतून नव्हे. दोन, वणव्याच्या हंगामातील मजुरांची यादी १५ फेब्रुवारीच्या आधी ग्रामसभेत वाचावी आणि मागच्या वर्षीच्या माणसाला पहिला मान द्यावा. तीन, लेखाशीर्ष कोणतेही असो, एका माणसाचे सगळे दिवस एका हजेरीपत्रकात धरावेत आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यावर जमा व्हावी. चार, कामावर मजूर मेला वा जायबंदी झाला तर कायम माणसाला जे मिळते तेच त्याच्या घराला मिळावे. पाच, वनरक्षकाची जागा रिकामी असेल तर तलाठी, कृषी सहाय्यक आणि सरपंच यांनी केलेला पंचनामा ग्राह्य धरावा.

सरकारकडे मागायचे ते मागू. एक काम मात्र आजच आपल्या हातात आहे. जंगलाच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने साधी वही घालावी. तारीख, काम, जागा, मिळालेली मजुरी, आणि सोबतच्या दोघांच्या सह्या. कोर्टात उभे राहिल्यावर पहिला प्रश्न दिवसांचा येतो आणि मस्टर सरकारच्या कपाटात असते. ज्याच्याकडे आपला हिशेब नाही, त्याला दुसऱ्याचा हिशेब मान्य करावा लागतो. मापात मारले जाणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

घामाचे दाम मागताना घाम बांधावर गळाला की जाळरेषेवर, असा भेद आपण करायचा नाही. या पाच गोष्टींचा ठराव मंजूर करावा, अशी विनंती करून आम्ही भाषण संपवतो.