डीजेची सुपारी देताना



लग्न ठरलं की घरात याद्या सुरू होतात. मांडव, आचारी, बस्ता, पत्रिका, मानपान. यादी संपत आली की कुणीतरी विचारतं, "अरे, डीजेचं काय?" मग घरातला एखादा तरुण फोन उचलतो, दोन-तीन ठिकाणी भाव काढतो. "किती बेस, किती टॉप?" एवढीच चौकशी होते आणि सुपारी जाते. आमच्याकडेही असंच झालं होतं. भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर आमच्या घरची दोन लग्नं झाली. एकच गाव, एकच काठ, माणसंही तीच. तरी दोन्ही लग्नांच्या आठवणी अगदी वेगळ्या आहेत, आणि तो फरक डीजेच्या निवडीनं पडला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

थोरल्या भाचीची हळद मे महिन्यात होती. पुढ्यात पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, वर मोकळं आभाळ. साउंडवाल्यानं दुपारी पिकअप लावली, बॉक्सवर बॉक्स चढवले आणि तोंडं पाण्याकडे केली. संध्याकाळी आवाज सुरू झाला, तेव्हा पहिली दहा मिनिटं पोरं खूश होती. मग लक्षात आलं की गाण्याचे शब्दच कळत नाहीत. ढोलाचा ठोका डोंगरावर आपटून परत येत होता आणि पुढच्या ठोक्यात मिसळत होता. माझी आई आणि तिच्या वयाच्या चार बायका हळदीची गाणी म्हणायला बसल्या होत्या. आईनं पहिलं गाणं म्हटलं, दुसरं अर्ध्यावर सोडलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत गप्प बसली. तिच्या शेजारी बसलेल्या मलाही ते गाणं ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना घेऊन आम्ही होडीत बसलो. होडीवाला पलीकडच्या वाडीतला. वल्हवता वल्हवता म्हणाला, "रात्री आमचं लेकरू झोपलंच नाही. ठोका पडला की दचकायचं." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागलं. शेंडीपासून रतनवाडीपर्यंत या पाण्याच्या काठानं मुरशेत, मुतखेल, कोळटेंभे अशी गावं आहेत. त्यातल्या कुणाला आम्ही पत्रिका दिली नव्हती, पण आमचं लग्न मात्र त्यांच्या घरात शिरलं होतं.

आपल्याकडे 'डीजे' म्हणजे बॉक्सची भिंत, असा अर्थ रुळला आहे. डीजे 'लावतात', डीजे 'आणतात'. मूळ शब्द मात्र माणसासाठी आहे. समोरच्यांचा रंग बघून कोणतं गाणं कधी लावायचं, कधी थांबायचं, कधी माइक दुसऱ्याच्या हातात द्यायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे डीजे. आपण सुपारी देतो ती बॉक्सना, आणि तो माणूस कोण आहे हे लग्नाच्या दिवशी कळतं. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

पुढे मी एका जाणत्या साउंडवाल्याकडे बसून आवाजाचं थोडं गणित समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगतो. मोकळ्या मैदानात, छोट्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलनं उतरतो. समजा, दहा मीटरवर 110 डेसिबल आवाज आहे. वीस मीटरवर तो 104 होईल, चाळीस मीटरवर 98. असं करत करत 1280 मीटरवर, म्हणजे सव्वा किलोमीटरच्याही पुढे, तो 68 उरतो. झाडं, चढउतार आणि वारा यांमुळे यात फरक पडतो. पण रात्री पाण्यावर उलटही घडतं. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. बेसचा आवाज तर हवेत फारसा जिरत नाही, भिंतीही त्याला नीट अडवत नाहीत. म्हणून लांबच्या घरात गाणं पोचत नाही, नुसती धडधड पोचते.

डोंगराचंही तसंच. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समोरचा कडा तेवढ्या अंतरावर असेल, तर तुमचा ठोका दोन सेकंदांनी परत येतो. त्यामुळे या भागात बॉक्सची तोंडं पाण्याकडे किंवा कड्याकडे न ठेवता माणसांकडे ठेवावी लागतात. दोन मोठ्या भिंती रचण्यापेक्षा चार लहान स्पीकर माणसांच्या जवळ ठेवले, तर कमी आवाजात सगळ्यांना नीट ऐकू येतं. जो डीजे जागा न बघताच "काळजी करू नका, दणकून वाजवतो" म्हणतो, त्याला भंडारदरा कळलेला नाही, असं खुशाल समजा.

कानाचंही एक गणित आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणं ही सुरक्षिततेची सीमा मानतात. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. बॉक्सपुढे नाचणाऱ्या लहान पोरांचा विचार करा. त्या बॉक्सशेजारी अख्खी लग्नसराई उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरचाही करा. तोही कुणाचा तरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. तो कानात बोळे घालतो का, हे मी आता आवर्जून बघतो. स्वतःचे कान जपणारा माणूस पाहुण्यांचेही जपतो, असा माझा अनुभव आहे.

आता कायद्याचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम सन 2000 चे आहेत. ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण आपल्या घरची हळद म्हणजे तशी सूट असं धरून चालता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्रीची 45. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून 5 पेक्षा जास्त वाढता कामा नये. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली या सगळ्यावर सविस्तर निकाल दिला आहे. पाण्याकाठचं लॉन म्हणजे बंद सभागृह नव्हे, हेही ध्यानात असू द्या. परवानगीचा अर्ज आठ-दहा दिवस आधी करा. अभयारण्याच्या हद्दीजवळ कार्यक्रम असेल, तर वन विभागालाही आधी विचारा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य या गावांना लागूनच आहे.

अभयारण्याचं नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. ते बघायला लांबून माणसं येतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीनं एकमेकांना घातलेली साद असते. आपण लेझर आणि फिरते दिवे झाडांवर मारले, तर त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. वर्षभराच्या वाढीनंतर त्यांच्या वाट्याला येतात ते हे थोडेच दिवस, आणि नेमकी तेव्हाच आपली लग्नसराई असते. डीजे ठरवताना दिव्यांचंही बोला. लेझर नको म्हणून सांगा. तो काजव्यांसाठी वाईट, माणसांच्या डोळ्यांसाठीही वाईट, आणि फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचंही त्यानं नुकसान होतं. स्टेजवर उबदार पिवळे दिवे, तोंड खाली केलेले, एवढे पुरतात.

धाकट्या भाचीच्या लग्नाला आम्ही हे सगळं मनात धरून माणूस शोधला. तिघांशी बोललो. दोघांनी बॉक्सची संख्या सांगितली. तिसऱ्यानं विचारलं, "जागा कुठली?" भंडारदरा म्हटल्यावर म्हणाला, "आधी येऊन बघतो." आठवड्यानं आला. पाण्याकाठी उभा राहून त्यानं दोन-तीनदा जोरात टाळ्या वाजवल्या आणि कान देऊन ऐकत राहिला. मग म्हातारी माणसं कुठे बसणार, तान्ही लेकरं किती, विजेचा खांब कुठे, जनरेटर कुठे ठेवायचा, असं एकेक विचारत गेला. नवरा-नवरीची नावं कशी उच्चारायची, दोन्हीकडच्या मोठ्यांना काय म्हणून हाक मारायची, हेही त्यानं वहीत उतरवून घेतलं. निघताना म्हणाला, "काका, घरात कुणी गाणारं आहे का?" आईचं सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं: 'आजी, साडेसातला, माइक जवळ, बाकी सगळं बंद.'

त्या दिवशी मी त्याला इसार दिला. भाव तिघांत त्याचा सर्वांत कमी नव्हता.

तुम्ही कुणाला ठरवाल तेव्हा या गोष्टी कागदावर घ्या. कार्यक्रमाला नेमका कोण येणार, स्वतः की दुसराच कुणी? सुरू किती वाजता, बंद किती वाजता? जादा तासाचे पैसे किती, डिझेल कुणाचं? वळवाचा पाऊस आला तर सामान कशानं झाकणार, वाऱ्यात बॉक्स कशाला बांधणार? ओल्या जमिनीवरून केबल कशी नेणार, अर्थिंग कोण बघणार? मशीन बंद पडलं तर दुसरं सोबत आहे का? गाणी मोबाईलवर वाजवणार असेल, तर आधी उतरवून ठेवली आहेत का? डोंगरांच्या या खोऱ्यात नेटवर्क कधी दगा देईल याचा नेम नसतो. डीजेसोबत कामाला आलेल्या मुलांच्या जेवणाचं मात्र आपण बघायचं. पाहुणे जेवून गेल्यावर उरलेलं त्यांना वाढू नका. वेळेवर, पंगतीत बसवा.

गाण्यांच्या परवान्यावरूनही लोक गोंधळतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीत वाजवल्या जाणाऱ्या संगीताला सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ त्यात येतात, असं तिथेच स्पष्ट केलं आहे. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारनंही ते पुन्हा सांगितलं. वाढदिवस किंवा कंपनीचा मेळावा मात्र त्यात आपोआप बसत नाही. तेव्हा लॉनच्या मालकाशी हे आधीच बोलून घ्या.

आणि डीजे ठरवला म्हणून वाजंत्र्यांना विसरू नका. आपल्या अकोले तालुक्यात बोहाड्याची सोंगं संबळाच्या ठेक्यावर नाचतात, ठाकर बांधवांचा कांबडनाच आहे. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो तेव्हा संबळ-पिपाणी पुढे असली, तर त्या चार पावलांना वेगळीच शोभा येते. ही कला सुपारीवरच जगते. आपण बोलावलं नाही, तर पुढची पिढी संबळाला हात का लावेल? धाकटीच्या लग्नात आमच्या डीजेनं स्वतःहून सांगितलं, "मिरवणूक त्यांची, संध्याकाळ माझी." वाजंत्री वाजवत असताना त्यानं आपली कळ एकदाही दाबली नाही.

त्या संध्याकाळी साडेसातला त्यानं गाणी थांबवली आणि आईसमोर माइक आणून ठेवला. आई आधी लाजली. मग तिनं उखळाजवळ बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि सूर धरला. पोरं नाचायची थांबली आणि खाली बसली. सहा गाणी झाली. मागच्या लग्नात अर्ध्यावर सोडलेलं गाणंही तिनं त्यात म्हटलं. आम्हाला त्याचे सगळे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळले. नंतर पोरं दोन तास मनसोक्त नाचली. पावणेदहाला आवाज हळूहळू खाली आला आणि दहाच्या आत सगळं शांत झालं. दिवे विझले तसे मागच्या सादड्यावर काजवे दिसू लागले.

सकाळी होडीवाला पुन्हा भेटला. यावेळी त्याच्या घरी आम्ही पत्रिका दिली होती आणि तो सहकुटुंब जेवून गेला होता. मी विचारलं, "रात्री त्रास नाही ना झाला?" तो म्हणाला, "गाणं ऐकू आलं. म्हातारीचं. आमच्या घरात पण तेच म्हणतात."

श्रोतेहो, यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर डीजेची चौकशी जरूर करा. बॉक्स किती, भाव किती, हेही विचारा. आणि शेवटी एवढं विचारून बघा: "आमच्या आजीचं गाणं किती वाजता ठेवायचं?" जो वही काढून वेळ लिहून घेईल, त्याच्या हातावर सुपारी ठेवा.