मुलाच्या दारी गेलेली शाळा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज कापसाच्या भावाची गोष्ट थोडी बाजूला ठेवू आणि शाळेची गोष्ट बोलू. ही गोष्ट पालघरकडची आहे. तुम्ही म्हणाल, तिकडे ना कापूस, ना ज्वारी; भात, गवत आणि डहाणू-घोलवडचे चिकू. आपला काय संबंध? संबंध आहे. वेचणीच्या दिवसांत आपली मुलगी शाळेत का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिकडच्या एका टेकडीवर फार पूर्वीच सापडले आहे.

आधी पैशाचा हिशेब. सरकारी शाळा ही कोणी आपल्याला घातलेली भीक नाही. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यातला शेतकरी साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड भरत होता. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले. तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि त्यात शेतीचेही धडे ठेवा, ही त्यांची मागणी होती.

बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण आणले. इंग्रज सरकारला मात्र ते परवडले नाही. गोखल्यांचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० साली संपली. हक्काचा कायदा झाला २००९ साली. फुल्यांच्या मागणीनंतर १२७ वर्षांनी!

पण नुसत्या कायद्याने मूल वर्गात येत नाही. का येत नाही, हे पाहायला कोसबाडला जावे लागते.

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. वारली मजुरांनी वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा उभारला. त्याच साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शहरातली बालशिक्षणाची साधने महाग. खेड्यात ती कोण घेणार? मग खडे, शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाई वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा केली. ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. अशा वेळी साहेब लोक म्हणतात, यांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल या वेळी आहे कुठे, ते त्यांनी पाहिले. मुलगा गुरांमागे होता. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी होती, कारण आई मजुरीला गेलेली. मग गुरे चरतात तिथे शाळा नेली, ती कुरणशाळा. मुलीला सांगितले, भावाला घेऊनच ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, ती विकासवाडी.

याच पट्ट्यात १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, बोईसरला कारखान्यांची वसाहत उभी राहिली. प्रगती म्हणून लोक ते दाखवतात. वीज घरापर्यंत पोचवायची तर तार टाकावी लागते, हे सरकारला कळते. शाळाही तशीच पोचवावी लागते, हे त्याला कळत नाही. १९७५ साली सरकारने अंगणवाडी हे नाव उचलले, ते बरे केले. कुरणशाळा मात्र टेकडीवरच राहिली.

आता आपल्याकडे बघा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला पोरगा. वेचणी लागली की आई शेतात आणि धाकटे थोरल्या मुलीच्या कडेवर. मास्तर हजेरीत गैरहजर लिहितो. कारण लिहायला रकाना नाही. त्यात २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. कागदावर पैसे वाचतील. पण शाळा लांब गेली की पहिली घरी बसते ती मुलगी.

आम्ही दान मागत नाही. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद बायका असतात. ही समिती नुसती सह्या करायला नाही. वेचणीच्या महिन्यांत शाळेची वेळ काय असावी, अंगणवाडी शाळेला लागून का नसावी, हे तिथे विचारा. मास्तरांना शत्रू समजू नका. त्यांनाही हेच हवे असते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावची एक यादी आणावी : वेचणीत शाळेबाहेर राहिलेली मुले किती आणि त्या वेळी ती कुठे होती. कोसबाडचे काम याच प्रश्नापासून सुरू झाले. आपलेही तिथूनच होईल.