आंत्रपुच्छदाह आणि रक्ताची साक्ष
(कोपर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



पोट दुखू लागले की ओवा चावावा, एरंडेल घ्यावे आणि सकाळची वाट पाहावी, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता. साध्या अपचनात तो खपून जातो; परंतु अपेंडिक्सला, म्हणजेच आंत्रपुच्छाला, सूज आली असेल तर तोच घातक ठरतो. बेंबीभोवतीचे दुखणे काही तासांत उजव्या ओटीपोटात उतरते, अन्नावरील वासना जाते, ज्वर येतो. पुढे आंत्रपुच्छ फुटले तर पू पोटात पसरतो.

महात्मा गांधींना येरवड्याच्या कारावासात हाच विकार जडला. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच दिवे गेले, तेव्हा कंदिलाच्या प्रकाशात ती पुरी झाली.

आज वैद्यकाच्या हाती रक्ताचा दिवा आहे. रक्ताच्या एका घनमिलिमीटरात पांढऱ्या पेशी साधारणतः ४,००० ते ११,००० असतात; दाह झाला की त्या वाढतात. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आढळलेले सी. आर. पी. नावाचे प्रथिन फारच वाढले, तर आंत्रपुच्छ सडल्याचा वा फुटल्याचा संशय बळावतो. काविळीत पाहतात ते बिलिरुबिनही अशा वेळी पुष्कळदा चढते. कारण जंतूंचे विष रक्तावाटे यकृतापर्यंत पोचते.

तथापि रक्त हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सी. आर. पी. चढण्यास काही तास लागतात. म्हणून पहिल्या प्रहरीचा निर्दोष अहवाल म्हणजे अभयपत्र नव्हे. गर्भवतीच्या पांढऱ्या पेशी मुळातच अधिक असतात. वृद्धांत त्या कधी कधी वाढतच नाहीत. यास्तव पोटाची तपासणी, सोनोग्राफी आणि जरूर तर काही तासांनी पुन्हा रक्त पाहणे, यांच्या मेळानेच निर्णय होतो.

आपले कर्तव्य एवढेच, की दुखणे कोणत्या घटकेस सुरू झाले हे ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावे. त्यावाचून अहवालातील आकड्यांचा अर्थ लागत नाही. मधेच घेतलेली वेदनाशामक गोळीही लपवू नये. कळ एकाएकी थांबली तरी हर्ष मानू नये; आंत्रपुच्छ फुटल्यावरही क्षणभर आराम वाटतो. कोपरहून डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय वा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय काही दूर नाही. रात्र असली तरी निघावे.