निकालाचा आकडा

मुंबई महानगरपालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल 2019 साली सुमारे 53 टक्के होता. 2020 साली तो 93 टक्क्यांवर गेला. वर्षभरात शाळा पालटल्या काय? 2019 ला बंद झालेले भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण परत आले आणि करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरला सरासरीने गुण मिळाले. राज्याचा निकालही वाढला, 77.10 वरून 95.30 वर. पण राज्याची वाढ अठराची, पालिकेची चाळीसची! पालिकेची किती लेकरे उत्तीर्णतेच्या अगदी काठावर उभी असतात, ते या तफावतीत दिसते. पुढचा निकाल लागेल तेव्हा जवळच्या पालिका शाळेत जावे आणि तिसरीतल्या मुलाला एक परिच्छेद वाचावयास सांगावा.