थांबलेल्या कामाचा ताळा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू नक्की काय काम करतेस?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून मला मिळालेली ही थोडी मिनिटं त्या उत्तरासाठीच वापरते.

गाडीतल्या ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांच्यामागे छोटे कॉम्प्युटर असतात. त्यांचं सॉफ्टवेअर मी लिहिते. तिथे उत्तर नुसतं बरोबर असून चालत नाही, ते मुदतीत यावं लागतं. एअरबॅग उशिरा उघडली तर काय उपयोग? म्हणून प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, ते आधी कागदावर सिद्ध करावं लागतं.

या गणिताचा पाया लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये घातला. त्यात एक गृहीत होतं: सुरू झालेलं काम स्वतःहून मध्येच थांबत नाही. आजची कामं मात्र थांबतात. सेन्सरकडे माहिती मागतात आणि ती येईपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याला देतात. अशा कामांना सेल्फ-सस्पेंडिंग टास्क म्हणतात. वाटतं, प्रोसेसर मोकळा झाला, म्हणजे खालच्या कामांचा फायदाच!

आता हिशेब करू. एक वरच्या प्राधान्याचं काम दर १० मिलिसेकंदांनी येतं. आल्याबरोबर ते सेन्सरची वाट पाहतं, कधी ७ मिलिसेकंद, कधी अजिबात नाही. मग ३ मिलिसेकंद प्रोसेसर वापरतं. खालचं काम दर २० मिलिसेकंदांनी येतं, त्याला ४ लागतात आणि मुदत आहे ८ ची. जुन्या हिशेबाने ३ आणि ४ मिळून ७. मुदतीत बसलं.

पण समजा, वरचं काम शून्याला आलं आणि पूर्ण ७ थांबलं. ते ७ ते १० चालेल. दहाव्याला त्याची पुढची पाळी येईल. या वेळी सेन्सरचं उत्तर तयारच असेल, तर ते लगेच १० ते १३ चालेल. खालचं काम नेमकं सातव्याला आलं, तर ते तेराव्याला सुरू होऊन सतराव्याला संपेल. लागले १०. मुदत हुकली!

यात प्रोसेसर सरासरी निम्माच वापरात आहे. ‘अर्धा प्रोसेसर रिकामा, मग अडचण काय?’ हे मला मीटिंगमध्ये नेहमी ऐकावं लागतं. चाचणीतही हे सहसा दिसत नाही, कारण हा योग क्वचितच जुळतो. रस्त्यावर लाखो गाड्या रोज धावतात, तिथे तो कधीतरी जुळणारच.

मग थांबण्याचा वेळही काम म्हणूनच धरला तर? मग ३ आणि ७ मिळून १०, म्हणजे वरचं कामच सगळा प्रोसेसर खाणार आणि खालच्याला कागदावर जागाच उरणार नाही. सुरक्षित, पण निरुपयोगी हिशेब. खरं उत्तर मधे आहे: वरचं काम किती उशिरापर्यंत सरकू शकतं ते मोजायचं आणि तेवढ्याने त्याच्या दोन पाळ्या जवळ येतील असं धरायचं.

हे मोजण्यात भलेभले चुकले. यॉर्क विद्यापीठातल्या नील ऑड्सली आणि कॉन्स्टँटिनोस ब्लेट्सास यांनी २००४-०५ च्या तीन शोधनिबंधांत सरकण्यासाठी फक्त थांबण्याचा वेळ धरला होता. पण त्या कामालाही त्याच्याहून वरची कामं अडवतात, त्यामुळे ते आणखी उशिरा सरकू शकतं. तशीच चूक इतरांच्या निबंधांतही होती. २०१५ मध्ये या दोघांनी इतर संशोधकांबरोबर स्वतःच्याच तिन्ही निबंधांचं शुद्धिपत्र काढलं. छापून दहा वर्षं झालेलं उत्तर स्वतःहून चूक म्हणायला धैर्य लागतं. आम्हा इंजिनिअरांना त्याचा थेट उपयोग झाला, कारण असे निबंध वाचूनच आम्ही मुदती ठरवतो.

तिसरी-चौथीत उत्तर बरोबर आलं तरी बाई विचारायच्या, ‘ताळा केलास का?’ तेव्हा कंटाळा यायचा. आज माझं अर्धं काम तेच आहे, आणि छापील उत्तराचाही ताळा करावा लागतो. इथे बसलेल्या मुला-मुलींना एवढंच सांगेन, ती सवय सोडू नका. ती लावणाऱ्या सर्व शिक्षकांना माझा नमस्कार.