घर : मुलाची पहिली कार्यशाळा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांच्या हाताखाली मी बालवर्गात शिकवू लागले. बाईंच्या मेजाच्या खणात खडूंच्या जोडीला कात्री, सुतळीचा गुंडा आणि रिकाम्या काड्यापेट्या नेहमी असत. मूल रडत आले, की त्याची समजूत घालण्यापूर्वी त्या त्याच्या हातात काहीतरी देत. त्यामुळे आज बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मूल शाळेत पाच तास असते. उरलेले एकोणीस तास घरचे. त्या एकोणीस तासांत मुलाच्या हातांना काय काम मिळते, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा, हे योग्यच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याआधीच, 1890 मध्ये, महाराजांनी याच शहरात कलाभवन स्थापन केले होते, याची आठवण आपल्याला कमी होते. अक्षरज्ञान आणि हस्तकौशल्य ही शिक्षणाची दोन्ही अंगे त्यांना सारखीच महत्त्वाची वाटत होती. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.

बालशिक्षणापुरते पाहिले तर आपले दुसरे तीर्थक्षेत्रही दूर नाही. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक मुंबईच्या; त्या भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी काम उभारले. परदेशी बनावटीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी गारगोट्या, बिया, पाने, शंखशिंपले हेच साधन-साहित्य केले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुजराती आणि मराठी माणसांनी खांद्याला खांदा लावून केलेले हे काम आहे. त्यातून पालकांनी घ्यावयाचा धडा सोपा आहे : मुलाच्या शिक्षणाला लागणारे बहुतेक साहित्य घरातच पडलेले असते, त्याला जोड हवी ती मोठ्या माणसाच्या सोबतीची.

आजच्या घरांकडे पाहिले तर साहित्य आहे, सोबत मात्र विरळ झाली आहे. शाळेने 'प्रकल्प' सांगितला, की वडील कार्यालयातून येताना दुकानातून तयार किल्ला आणतात. किंवा मूल झोपल्यावर आई रात्री अकरा वाजता तो सुबक करून ठेवते. सकाळी मूल तो शाळेत आणते आणि त्याला गुण मिळतात. हे गुण नेमके कोणाचे? अशा वेळी मुलाच्या मनावर एक गोष्ट न सांगता कोरली जाते : आपल्या हाताने केलेले चारचौघांत दाखवण्यासारखे नसते. दुसरीकडे मूल त्रास देऊ नये म्हणून त्याच्या हाती भ्रमणध्वनी दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसू नये. त्याहून लहान मुलांना तर ती सवयच लावू नये. परंतु नुसते 'नको' म्हणून मुलाचे हात रिकामे ठेवता येत नाहीत. त्याच्या हातात दुसरे काही द्यावे लागते. ते काय द्यावे, याची चार उदाहरणे सांगते. चारही कमी खर्चाची आहेत आणि आपल्या वर्षाच्या सणावारांत बसणारी आहेत.

पहिले, दिवाळीचा आकाशकंदील. त्यासाठी प्रथम खळ हवी. चार चमचे मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा, मग मंद आचेवर ढवळत शिजवावा. थेट गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या होतात. असे का होते, हे मुलाला दोन्ही प्रकार करूनच दाखवावे. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांच्या हाती द्यावयाच्या खळीत ते घालू नये. थोडीच खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी. आता एक जाड रंगीत कागद घेऊन तो लांबीत मधोमध दुमडावा. दुमडलेल्या कडेकडून, बोटभर अंतराने, समांतर काप द्यावेत. उघड्या कडेला मात्र तीन बोटे कागद तसाच राखावा. घडी उलगडून कागदाची नळी करावी. पतंगाच्या कागदाची दुसरी नळी, उंचीला तीन-चार बोटे कमी, आत ठेवावी आणि दोन्हींच्या वरच्या व खालच्या कडा जुळवून चिकटवाव्यात. बाहेरची नळी उंच असल्याने तिच्या पट्ट्या आपोआप फुगून बाहेर येतात. आतली नळी तेवढ्याच उंचीची केली तर पट्ट्या सरळच राहतात, कंदील फुगत नाही. सहा-सात वर्षांचे मूल ही गोष्ट हाताने समजून घेते आणि मग विसरत नाही. आत विजेचा लहान दिवाच लावावा, पणती कधीही ठेवू नये.

दुसरे, उत्तरायणाचा पतंग. 14 जानेवारीला बडोद्याच्या गच्च्यांवर मराठी आणि गुजराती असा भेद उरत नाही; पतंगाच्या दोराच्या बांधणीला आपणही 'किन्ना'च म्हणतो. नवा पतंग विकत आणायला हरकत नाही. माझे सांगणे फाटलेल्या पतंगाविषयी आहे. तो टाकून न देता मुलाला दुरुस्त करू द्यावा. पट्टी केवढी लावायची, खळ किती लावायची, हे त्याने ठरवावे. दुरुस्त पतंग एका बाजूला झुकू लागला, तर विरुद्ध बाजूच्या टोकाला कागदाची लहानशी घडी चिकटवावी. किती मोठी? ते पतंगच सांगेल. उडवून पाहावे, उतरवावा, घडी कमी-जास्त करावी. तराजूचा धडा पुस्तकात येण्यापूर्वी मुलाने तो आभाळात वाचलेला असतो.

तिसरे उदाहरण काड्यांचे. आगपेटीच्या काड्यांवरचे गूल पालकांनी आधी खरवडून काढावे. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांच्या दोन तोंडांत काड्या बसवाव्यात. तीन काड्यांचा त्रिकोण करावा, चार काड्यांचा चौकोन. त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन लगेच कलतो. मग त्याच्यात एक तिरकी काडी घातली, म्हणजे दोन त्रिकोण झाले, की तोही ताठ उभा राहतो. तिरकी काडी कर्णाएवढी लांब हवी; म्हणून झाडूचा हीर मोजून तोडावा लागतो. एखादा लोखंडी पूल किंवा विजेचा मनोरा त्रिकोणांनीच का भरलेला असतो, हे मग मूल स्वतःच विचारते. 1972 मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन अरविंद गुप्ता यांनी अशा खेळण्यांना देशभर पोहोचवले. ते दीर्घकाळ पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात काम करीत होते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांना मिळालेला हा राष्ट्रीय मान मला फार मोलाचा वाटतो.

चौथे उदाहरण गोधडीचे. ते मी मुद्दाम मुलग्यांसाठी सांगते आहे. जुन्या सुती लुगड्याचे आणि धोतराचे वीत-दोन वीत तुकडे घ्यावेत. दोन थर एकावर एक ठेवून कडा दुमडाव्यात आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जावे. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या नेढ्याची सुई देता येते. शेजारी मोठ्या माणसाने बसावे, म्हणजे झाले. बाहुलीची गोधडी पंधरा दिवसांत पुरी होते. या पंधरा दिवसांत ते लुगडे कोणाचे, ते कोणत्या लग्नात घेतले होते, त्याचा रंग आधी कसा होता, हे सारे निघते. ज्या घरात आजी आहे त्या घराने हा उद्योग तिच्याकडे सोपवावा. पुष्कळ आजींना आज घरात जेवणखाण मिळते, मान मिळतो. काम आणि श्रोता मात्र मिळत नाही.

आता पालकांच्या अडचणींचा विचार करू. पहिली अडचण वेळेची. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात रोजचा तास मी मागणार नाही. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ मागते. पण ती ठरलेली असावी आणि वडिलांनी तिच्यात बसावे. मुलांचे सारे करणे ही आईच्या कामांत पडलेली आणखी एक भर होणार असेल, तर हे व्याख्यान न दिलेले बरे. दुसरी अडचण पसाऱ्याची. त्यावर उपाय असा, की जुनी चादर अंथरावी, काम तिच्यावरच करावे आणि शेवटी आवरण्याचे काम मुलाकडेच असावे. आवरणे हा कामाचाच भाग आहे, शिक्षा नव्हे. तिसरी अडचण आपल्या हातांची. मुलाची कात्री वाकडी जाऊ लागली, की आपला हात शिवशिवतो. तो आवरावा. मूल मागेल तेव्हा आणि मागेल तेवढीच मदत द्यावी. त्याने केलेला वाकडा कंदील शेजारच्या सुबक कंदिलाच्या रांगेत, दारातच लावावा. मागच्या गॅलरीत नव्हे. चौथी अडचण अभ्यासाची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे शिकण्याची तरतूद सुचविली आहे. शासनाला जे दहा दिवस पटले, ते घराला वर्षभर पटायला हरकत नसावी.

शेवटी एक गोष्ट सांगते. माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा तीच आहे. आपली मुले गल्लीत गुजराती बोलतात, शाळेत पुष्कळदा इंग्रजी, दूरदर्शन संचासमोर हिंदी. यात मला काहीही खेद नाही. बहुभाषिकपणा हे बडोद्याचे वैभव आहे. पण मग मराठी उरते ती घरात, आणि घरातही कोणती? 'ऊठ, जेव, अभ्यास कर, झोप.' चार क्रियापदांची, आज्ञेची मराठी. एवढ्या मराठीवर कोणाचे मन वाढत नाही आणि पुढच्या पिढीला ती देण्यासारखी वाटत नाही. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होतात, याची चिंता आपण सभांतून करतो. ती चिंता घरच्या चादरीवर बसून करावी, असे मला वाटते.

कारण मूल जेव्हा आपल्याबरोबर कंदील करते, गोधडी शिवते, तेव्हा त्याला दुमडणे, उलगडणे, ओवणे, उसवणे, ताणणे, सैल सोडणे ही क्रियापदे मिळतात. कड, पदर, चुणी, नेढे, हीर, कामटी हे शब्द मिळतात. हे शब्द पाठ करून येत नाहीत. ते हातातून येतात. त्याहून मोठा लाभ असा, की घरातले 'कर' जाऊन 'करू या' येते. आपल्या भाषेत 'आम्ही' वेगळे आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' वेगळे. गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' असा भेद आहे. ज्या घरात दिवसभर 'तू' आणि 'मी' एवढेच चालते, तिथे 'आपण' हा शब्द यावा यासाठी दोघांनी मिळून करायचे एखादे काम लागते. 'हे असे का झाले? आता आपण काय करू या?' हे वाक्य मुलाच्या कानावर जितक्या वेळा पडेल, तितकी त्याची भाषाही टिकेल आणि त्याची बुद्धीही.

या शाळेला माझी एक विनंती आहे. यंदाच्या दिवाळीपूर्वी एक शनिवार पालकांसाठी ठेवावा. वर्गात बाके बाजूला सारावीत, चादरी अंथराव्यात आणि आई, वडील, आजी-आजोबा यांनी मुलांसह बसून कंदील करावेत. स्पर्धा नको, बक्षीस नको, परीक्षकही नको. केलेले सारे कंदील शाळेच्या व्हरांड्यात लागावेत. खळ शिजवायचे काम माझ्याकडे द्या.