गळाचे दुकान



गळ टाकून मासे धरण्याचा छंद ज्यांना आहे, किंवा यंदाच्या सुट्टीत तो लावून घ्यावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज मी काठीविषयी वा रिळाविषयी बोलणार नाही. या सर्वांच्या अगोदर ज्याची ओळख व्हावी लागते आणि ज्याच्या निवडीवर पुढील यशापयश बव्हंशी अवलंबून असते, त्या गळ, दोरी व आमिष विकणाऱ्या गावच्या दुकानाविषयी बोलणार आहे.

गावचे दुकान एवढ्यासाठी की मासा हा सर्वस्वी आपल्या पाण्याचा रहिवासी असतो. १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या पवईच्या तलावावर जो गरवायला बसतो, त्याला कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो हे ध्यानी धरून कणकेचा किंवा पेंडीचा गोळा कोणत्या खोलीवर सोडावयाचा, एवढा विचार पुरतो. तोच मनुष्य रत्नागिरीस, काजळी नदी जेथे समुद्रास मिळते त्या भाट्याच्या खाडीवर गेला, तर त्याची ही सारी विद्या निरुपयोगी ठरते. कारण तेथील तांबोशीला आणि जिताड्याला हालती, जिवंत कोळंबी हवी, शिंगाळा उग्र वासाच्या आमिषावर येतो, पालू आपल्या बळकट दाढांनी कुर्ल्या आणि शिंपले फोडून खाणारा, तर चिखलावरील शेवाळ टिपणाऱ्या बोयटाच्या इवल्या तोंडात मोठा गळ शिरतच नाही. दूरच्या पेठेतील व्यापाऱ्याजवळ माल कितीही उंची असला तरी हे ज्ञान त्याच्याजवळ असण्याचे कारण नाही.

असे दुकान शोधावे कोठे? मोठ्या रस्त्यावर नव्हे, बंदराच्या वाटेवर. कोकणातील बंदरगावांत जाळ्याचे सूत, दोरखंड आणि शिसे जेथे विकले जाते, तेथेच मागच्या फळीवर गळांच्या पेट्या असतात, आणि तेथे येणारे गिऱ्हाईक हौशी नसून खारवी, गाबीत, दालदी असे पिढीजात दर्यावर्दी असते. ज्याच्या घरची चूल गळावर पेटते तो कच्चा गळ दुसऱ्यांदा विकत घेत नाही. म्हणून अशा लोकांची वर्दळ हाच मी दुकानाचा पहिला दाखला मानतो.

आत गेल्यावर काचेच्या कपाटातील चकचकीत रिळांकडे पाहू नये. गळ पाहावा. बंद पाकिटे न खपवता जो सुटे गळ मोजून देतो, प्रत्येक क्रमांक वेगळ्या खणात आणि खाऱ्या हवेपासून कोरडा ठेवतो, त्याला आपल्या धंद्याची आस्था आहे असे समजावे. क्रमांक वाढत जातो तसा गळ लहान होतो, आणि एक क्रमांकाच्या पलीकडे शून्याचे चिन्ह जोडून मोठ्या गळांची उलटी चढण सुरू होते, ही नवख्यास चकविणारी रीत जो न कंटाळता समजावून सांगतो तो दुकानदार मला विशेष आदरणीय वाटतो. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवावे. ते घसरले तर बोथट, रुतले तर कामाचे. नॉर्वेतील मुस्ताद कारखान्यात १८७७ पासून यंत्रावर गळ होऊ लागले. आज टोकदार गळ मिळणे दुर्घट राहिलेले नाही, तो तसा राखणे मात्र अजूनही विकणाऱ्याच्या हाती आहे. दोरीचेही तेच. १९३८ साली नायलॉनची जाहीर वार्ता झाल्यावर रेशमाचे व सुताचे दोर हळूहळू मागे पडले, पण नायलॉन उन्हाने क्षीण होतो, आणि दर्शनी खिडकीत महिनोन् महिने तापलेले रीळ ऐन ओढीच्या वेळी दगा देते. रिळे सावलीत ठेवली आहेत की नाहीत, याची खातरजमा उंबरठ्यावरूनच करता येते.

आमिषाची परीक्षा नाक आणि डोळे करतात. कोळंबीचे डोके काळवंडलेले आणि धडापासून सुटू लागलेले असेल तर ती शिळी; शिंगाळ्याला कदाचित चालेल, तांबोशीला नाही. जिवंत कोळंबी गर्दी न करता, पाणी वरचेवर बदलून ठेवावी लागते, आणि एवढा खटाटोप जो करतो त्याने दोन पैसे अधिक घेतले तर ते द्यावेत.

तथापि या सर्वांहून मोठी कसोटी ही की दुकानदार जिन्नस काढण्यापूर्वी काही विचारतो की नाही. रत्नागिरीच्या बाजारातील एका दुकानात माझ्यासमोर एक शाळकरी मुलगा मोठा गळ आणि जड शिसे मागत होता. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारले, “कुठं बसणार रे बाळा? खडकावर की वाळूवर?” खडकावर म्हणताच त्याने जड शिसे परत खणात टाकले, हलके काढले, आणि ते मुख्य दोरीला न बांधता एका कच्च्या सुताने कसे बांधावे हे स्वतः गाठ मारून दाखविले, म्हणजे शिसे कपारीत अडकले तर तेवढेच तुटून जाते, गळ आणि मासा हाती राहतो. नंतर तिथी विचारली. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अजमास लागतो, चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्याने मुलाकडून बोटांवर करवून घेतला; उधाणाच्या दिवसांत खाडीची ओढ जबर असते, तेव्हा पाणी चढू लागतानाच बस आणि ओढ वाढली की ऊठ, अशी ताकीद दिली. विक्री झाली ती थोडक्या पैशांची. असे शिक्षण कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही, आणि हे वृद्ध लोक दुकाने बंद करतील तेव्हा ते कोठे मिळेल याची मला खरोखरच चिंता वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की रीळ परगावाहून स्वस्त मिळत असले तरी गळ, शिसे आणि आमिष गावच्या दुकानातूनच घ्यावे, आणि सायंकाळी परतताना तेथे क्षणभर थांबून काय लागले, कशावर लागले, कोठे काहीच लागले नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. दुकानदार उद्या दुसऱ्यास जो सल्ला देणार तो अशाच वृत्तांतांवर उभा असतो. प्रथम जाणाऱ्याने मात्र भरतीच्या तोंडावर, गिऱ्हाइकांची घाई असताना जाऊ नये. ओहोटी लागल्यावर जावे. तेव्हा दुकानदारास बोलावयास सवड असते.